आबांची फियाट, २८,६४० किलोमीटर: जुन्या, कमी चाललेल्या गाडीची खरी किंमत कशी काढायची?

एरवी मी मोबाईल आणि ॲपबद्दल लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण काम सगळं मोबाईलवरच केलंय.

गेल्या वर्षी आमचे आबा गेले. चोपड्याच्या घराच्या मागच्या शेडमध्ये त्यांची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. गाडी १९९६ ची, नंबर एमएच-१९ मधला, मीटरवर फक्त २८,६४० किलोमीटर. आमच्याकडे तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. शेताची आणि घराची वाटणी शांतपणे झाली, अडलं ते या गाडीवर. पप्पांना ती ठेवायची होती. पुण्याच्या काकांचं म्हणणं असं की ठेवा, पण अर्धी किंमत मला द्या. तेही बरोबरच होतं. प्रश्न एवढाच, अर्धी कशाची?

काकांनी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात चकचकीत पद्मिनीची किंमत पाच लाख सांगितली होती. पप्पांचं मत, "भंगारवाला पंचवीस हजार देईल, तेही उपकार केल्यासारखे. आणि मीटर तर एकदा पूर्ण फिरून आलंय." दोघांनी मिळून काम माझ्यावर टाकलं, "तू टेक्नॉलॉजीवाला ना, तूच सांग."

यातली अडचण तुमच्या लक्षात आली असेल. किंमत कमी निघाली तर फायदा आमच्या घराचा. म्हणून मी ठरवलं की जे काही सांगायचं ते काकांना त्यांच्या फोनवर तपासता आलं पाहिजे. त्या दोन महिन्यांत जे शिकलो ते इथे देतोय. तुमच्या घरी झेन असो, जिप्सी, जुनी सिएरा किंवा आरएक्स १००, पद्धत हीच.

नेहमीचं सूत्र इथे का चालत नाही?

साध्या जुन्या गाडीची किंमत वयाप्रमाणे उतरत जाते. विम्यात जी आयडीव्ही असते, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, तिचा तक्ता ठरलेला आहे. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, एक वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो. पुढची किंमत गाडीमालक आणि कंपनीने आपसात ठरवायची. म्हणजे आमच्या गाडीसाठी अधिकृत सूत्रच नाही.

शिवाय शौकिनांच्या गाडीची किंमत एका टप्प्यावर उतरायची थांबते आणि कधीकधी वर चढू लागते. पद्मिनीचंच बघा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनू लागली आणि १९७० च्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं. एके काळी बुकिंग केल्यावर गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. मग मारुती आली, मागणी घसरली आणि २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती उरली होती. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली.

गाड्या भंगारात जात राहिल्या आणि आठवणी काढणारे वाढत गेले. उरलेल्या गाडीला भाव येतो तो असा. पण हा भाव प्रत्येक पद्मिनीला नाही, चांगल्या पद्मिनीला आहे. आमची चांगली आहे का, इथून सुरुवात केली.

पायरी १: मीटरवरचा आकडा खरा आहे का?

आमच्या गाडीच्या मीटरला पाचच आकडे आहेत. ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येतं. म्हणजे २८,६४० चा अर्थ २८,६४० असू शकतो किंवा १,२८,६४० सुद्धा. पप्पांचा संशय अगदीच हवेतला नव्हता.

दुसरी गोष्ट, हे मीटर केबलवर चालतं. गिअरबॉक्समधून निघालेली केबल फिरते आणि त्यावर आकडे पुढे सरकतात. केबल तुटली की गाडी चालते, मीटर थांबतं.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, ओबीडी डोंगल लाव आणि मोबाईलवर बघ. इथे ते चालणार नाही. आपल्याकडे कारमध्ये ओबीडीचा पहिला टप्पा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाडीत तो असेलच असं नाही आणि पद्मिनीत तर कार्ब्युरेटर आहे, कॉम्प्युटरच नाही. अलीकडच्या गाडीत मात्र डोंगल जरूर वापरा. डिजिटल मीटरमध्ये किलोमीटरचा आकडा एका मेमरी चिपमध्ये असतो आणि तो बदलून देणारे लोक आहेत. पण काही गाड्यांत तोच आकडा दुसऱ्या एखाद्या युनिटमध्येही साठवलेला असतो. दोन्ही जुळले नाहीत तर तिथेच थांबायचं.

आमच्या मदतीला आले आबाच. त्यांना सवय होती, पेट्रोल टाकलं की छोट्या डायरीत तारीख, लिटर आणि मीटरचा आकडा लिहायचा. १९९६ ते २०१४ पर्यंतच्या डायऱ्या कपाटात सापडल्या. मोबाईलने फोटो काढून अक्षरं आपोआप वाचायला लावली, पण आबांचं अक्षर त्याला झेपलं नाही. शेवटी २१४ नोंदी मी हाताने स्प्रेडशीटमध्ये टाकल्या.

मग एक सोपं गणित केलं. दोन नोंदींमधले किलोमीटर भागिले लिटर, म्हणजे ॲव्हरेज. मीटर आणि डायरी दोन्ही खरे असतील तर हा आकडा वर्षानुवर्षं साधारण सारखा यायला हवा. आमचा १३ च्या आसपास आला. फक्त २००३ मध्ये एका ठिकाणी तो एकदम कोसळला. लागोपाठ चार वेळा मिळून ४० लिटर पेट्रोल, आणि मीटर पुढे गेलं फक्त २१० किलोमीटर. १३ ने धरलं तर ५२० व्हायला हवे होते. पुढच्या पानावर आबांनी लिहिलं होतं, "केबल बदलली." म्हणजे ३१० किलोमीटर मोजायचे राहिले. खरा आकडा साधारण २८,९५०.

मीटर कधीच फिरून आलं नव्हतं. चार आकड्यांपासून पुढे पुढे जाणारी अठरा वर्षांची रांग समोर होती. आबा जळगावला किंवा लग्नकार्याला जायचे तेव्हाच गाडी काढायचे. एरवी त्यांची स्कूटर बरी. पप्पांना हे दाखवलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. यात आमचं नुकसान होतं, पण खरं ते खरं.

तुमच्याकडे अशी डायरी नसेल तर जुनी सर्व्हिसिंगची बिलं शोधा, त्यांवर मीटरचा आकडा असतो. तेही नसेल तर गाडीच वाचा. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं, ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसलेली नसते, ड्रायव्हरचा दरवाजा बिजागरीत लोंबत नाही. मीटर नवीन आणि पेडल झिजलेलं असेल तर विश्वास पेडलवर ठेवा.

पायरी २: कमी चालली, म्हणजे चांगली राहिली का?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. चोपड्यातले आमचे ओळखीचे फिटर गाडीभोवती एक चक्कर मारून अहिराणीत म्हणाले, "भाऊ, गाडी चालीसन कमी, उभी राहीसन जास्त खराब व्हस." चालून जेवढी खराब होत नाही तेवढी उभी राहून होते.

का, ते समजून घ्या. टाकीतलं पेट्रोल जुनं झालं की चिकट होतं आणि कार्ब्युरेटरची बारीक जेट बुजतात. आता पंपावर ई२० पेट्रोल मिळतं, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पत्र्याची टाकी आतून गंजू शकते. शिवाय जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पडदे इथेनॉलसाठी बनवलेले नसतात. ब्रेक ऑइलही पाणी शोषतं आणि चाकातले ब्रेकचे सिलिंडर अडकतात. इंजिनमधली सिलं सुकतात. आणि उंदीर असतातच, आमच्या गाडीत त्यांनी डॅशबोर्डखालची वायरिंग कुरतडली होती.

टायरचं वय तर कोणीही मोबाईलच्या टॉर्चने बघू शकतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. आमच्या टायरवर ११०९ होतं, म्हणजे २००९ सालचा ११ वा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण रबर केव्हाच कडक झालेलं. अशा टायरवर हायवेला जायचं नाही.

खानदेशाचा एक फायदा मात्र मिळाला. इथे समुद्राची खारी हवा नाही. मुंबईच्या किंवा कोकणातल्या गाडीचा पत्रा जसा गंजतो तसा आमचा गंजला नाही. उलट उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे दरवाजांची रबरं आणि सीटचं रेक्झिन तडकलं. शेडमध्ये जमीन काळ्या मातीची, पावसाळ्यात ओल धरणारी. म्हणून गाडीखालून मोबाईलवर व्हिडिओ काढला. तळाला दोन ठिकाणी गंज दिसला, आरपार नव्हता.

पत्रा ठोकून पुट्टी भरलीय का हे बघायला फ्रिजवरचं मॅग्नेट पुरतं. रंग खरवडू नये म्हणून ते पातळ कापडात गुंडाळा आणि सगळीकडे लावून बघा. जिथे पकडत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे. आमच्या गाडीत डावा मागचा मडगार्ड सोडला तर सगळीकडे चिकटलं. शेवटी फिटरनी गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघितलं. चारही जवळजवळ सारखे निघाले. इंजिन निरोगी.

पायरी ३: कागद

गाडी कितीही चांगली असली तरी कागद अडले तर ती शोभेची वस्तू.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, आरसी कधीपर्यंत वैध, विमा, पीयूसी आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे दिसतं. जुन्या गाडीची माहिती कधीकधी अपुरी असते. मग आरटीओत जुन्या नोंदी चढवून घ्याव्या लागतात. गाडी खासगी आहे की आधी टॅक्सी होती, हेही बघा. पद्मिनीच्या बाबतीत हा प्रश्न विचारायलाच हवा. मग बोनेट उघडून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आमचं २०११, २०१६ आणि २०२१ ला झालं होतं, पुढचं २०२६ ला. २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे. त्यावर पर्यावरण कर, शिवाय १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना लागणारी एचएसआरपी नंबर प्लेट. हा सगळा खर्च किमतीतून वजा होतो.

मालक वारले असतील तर नेहमीचा विक्रीचा फॉर्म चालत नाही. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. नियमाप्रमाणे ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती तयार ठेवा. आम्हाला उशीर झाला, तुम्ही करू नका.

आणखी एक. विकणारा "व्हिंटेज आहे" म्हणाला तर त्या शब्दाचे पैसे देऊ नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते. १९९६ ची गाडी त्यात बसायला २०४६ उजाडावं लागेल.

पायरी ४: बाजारभाव, पण कोणता?

वेबसाइटवर दिसते ती मागणी असते, विक्री नव्हे. पाच लाख मागायला कोणाला पैसे पडत नाहीत. म्हणून मी सहा आठवडे दर रविवारी पद्मिनीच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढले. वर्ष, गाव, रंग मूळ की नवा, चालू की बंद, आणि किंमत. जी जाहिरात सहाही आठवडे तशीच पडून राहिली तिची किंमत बाजाराने नाकारली असं धरलं. जी किंमत उतरवून मग गायब झाली तिच्या शेवटच्या आकड्याला जास्त वजन दिलं.

यात तीन गट पडतात. पूर्ण नव्याने बनवलेल्या गाड्या, मूळ अवस्थेतल्या चालू गाड्या आणि बंद गाड्या. काकांच्या व्हिडिओतली गाडी पहिल्या गटातली होती. तिच्या किमतीत रंग, सीट, क्रोम आणि कारागिराचे कित्येक महिने होते. आमची गाडी बंद होती, पण थोड्या कामात दुसऱ्या गटात जाणारी. म्हणून दुसऱ्या गटाची किंमत धरून खर्च वजा करायचा असं ठरलं.

पायरी ५: गणित

हे आकडे आमच्या गाडीचे आणि आमच्याकडच्या मजुरीचे आहेत. तुमचे वेगळे येतील, पण मांडणी हीच ठेवा.

- मूळ अवस्थेतल्या चालू गाडीची मागणी साधारण २,००,००० होती. घासाघीस धरून १,७०,०००.
- वजा टायर, ब्रेक, कार्ब्युरेटर, टाकी, बॅटरी, रबरं, वायरिंग: ४८,०००.
- वजा नूतनीकरण, कर, नंबर प्लेट, नावावर करणं: १५,०००.
- वजा उघडल्यावर निघणारं काम: १०,०००. हे निघतंच.
- राहिले ९७,०००.

आता कमी किलोमीटरचं काय? इथे हवेत टक्के लावू नका. कमी किलोमीटरमुळे पुढचा कोणता खर्च टळला, ते विचारा. फिटरच्या अंदाजाने इंजिनचं पूर्ण काम ४०,००० चं. एवढ्या वयाची दुसरी गाडी घेतली तर ते काम निघण्याची शक्यता त्यांनी अर्धी-अर्धी सांगितली. म्हणून २०,००० मिळवले. एकूण १,१७,०००.

लक्षात घ्या, हे २०,००० किलोमीटरचे नाहीत, पुराव्याचे आहेत. डायरी आणि कॉम्प्रेशनचा निकाल नसता तर मी एक रुपयाही मिळवला नसता.

आबांच्या आठवणींचे पैसे कुठेच धरले नाहीत. ते दोन्ही भावांचे सारखेच आहेत, म्हणून वाटणीत येत नाहीत.

शेवटी काय झालं?

स्प्रेडशीट, फोटो, स्क्रीनशॉट, सगळं काकांना पाठवलं. त्यांनी दोन दिवस घेतले, पुण्यात एका गॅरेजला दाखवलं आणि फोन केला. "टायरचे जरा जास्त धरलेस, बाकी ठीक आहे. पण तू दादाचा मुलगा आहेस, मी तुझ्यावर सोडणार नाही." मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

म्हणून एक जुनीच युक्ती केली. भाकरी एकाने मोडायची, तुकडा दुसऱ्याने आधी उचलायचा. पप्पांनी किंमत लिहायची आणि त्या किमतीला गाडी घ्यायची की अर्धे पैसे, हे काकांनी ठरवायचं. कमी लिहिली तर काका गाडी घेऊन जातील, जास्त लिहिली तर पप्पांच्या खिशाला खार. पप्पांनी माझ्या आकड्याकडे बघितलं, थोडा विचार केला आणि १,२५,००० लिहिले.

काकांनी पैसे घेतले, ६२,५००. वर म्हणाले, "आबांच्या डायऱ्या मला दे." पप्पा म्हणाले, "अरे, त्या गाडीबरोबर राहतील, वीस हजार त्यांचेच धरलेत." दोघंही हसले. रात्री बसून मी सगळ्या पानांची पीडीएफ करून काकांना पाठवली.

तुमच्या घरी आज जी काही गाडी असेल, तिच्यासाठी एकच सवय लावा. पेट्रोल टाकलं की पावती आणि मीटर यांचा एकत्र फोटो काढा आणि एका अल्बममध्ये ठेवा. पाच सेकंदांचं काम आहे. वीस वर्षांनी त्या गाडीबद्दल कोणी विचारलं तर तुमच्या शब्दाला पुरावा असेल.